वन्सं, तुमचं पुस्तक उद्या छापायला जातंय

वन्सं, उद्या सकाळी नवाच्या एसटीनं मी बारामतीला निघालेय. पिशवीत तुमच्या पुस्तकाची फ्लॉपी असणार आहे. छापखानेवाले म्हणालेत, काय दुरुस्त्या असतील त्या आजच करून आणा, एकदा छपाई सुरू झाली की काना-मात्रासुद्धा हलणार नाही. म्हणून आज दुपारी जनावरांचं आवरून तुमच्या खुर्चीत बसलेय. नऊ प्रकरणं वाचून झाली. दहावं राहिलंय. ते तुम्ही एकटीनं टाइप केलंत, मी माहेरी गेले होते तेव्हा, आणि मी ते अजून उघडलेलं नाही.

का उघडलेलं नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यात माझं नाव आहे. मी केलेला तो घोळ, माझ्या नावासकट, काटेवाडीपासून इंदापूरपर्यंतच्या बायांनी वाचावा असं मला वाटत नाही. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. आता ती ओळ काढली तर विचारायला कोण येणार? नाव निवडायचं, एक बटण दाबायचं, झालं. ते बटण कुठलं हेही तुम्हीच शिकवलंत. बसल्यापासून हात तिथं जातोय आणि परत येतोय. म्हणून म्हटलं, आधी तुमच्याशी थोडं बोलून घ्यावं.

भेटायला येणारी माणसं तुम्हाला फार साधी करून टाकतात. सिंधूआक्का म्हणजे गरीब गाय होती म्हणे. मी मान हलवते, चहा ठेवते, आणि मनात म्हणते, या गायीनं सव्वीस वर्षं मला कुठं कुठं शिंगं मारली ते मला विचारा. भाकरी कडेला कच्ची राहिली तर तुम्ही बोलून दाखवायचात. उंबऱ्यावर कुणी बसलं तर उठवायचात. माझ्या शिलाई मशीनच्या जागेवरून आपण आठ दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो. मी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही सासरहून कायमच्या परतलेल्या होतात. का परतलात ते तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. तेवढी एक गोष्ट मात्र भांडणातसुद्धा मी कधी काढली नाही. याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, म्हणून आज मीच घेते.

तुमचा अभिमान मला पहिल्यांदा कधी वाटला सांगू? बारामतीच्या तुमच्या ऑफिसात टाइपरायटर उचलून कॉम्प्युटर आले तेव्हा. पंचवीस वर्षं त्या मशीनवर तुमची बोटं चालली होती. साहेब म्हणाले, बाई, तुमची आता थोडी वर्षं राहिली, कशाला डोक्याला ताप, पोरी शिकतील, तुम्ही आवक-जावक बघा. ते बिचारे चांगल्या मनानं म्हणाले असतील. तुम्ही घरी आलात आणि जेवला नाहीत. मला वाटलं, झालं, आता महिनाभर तोंड फुगलेलं राहणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही उशिरा आलात ते हातात नवी वही घेऊन. कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घालून आला होतात. वय अठ्ठेचाळीस.

तिथं सगळ्या अठरा-वीस वर्षांच्या पोरी. त्या तुम्हाला काकू म्हणायच्या आणि तुम्ही त्यांना शंका विचारून भंडावून सोडायचात. पहिल्या दिवशीची गंमत तुम्हीच सांगितली होतीत. माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला आला, पडद्यावरचा बाण अजून मध्येच, आणि तुम्ही मास्तरांना म्हणालात की टेबल लहान पडतंय. उचलून परत मध्ये ठेवायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या पुस्तकातली पहिली सूचना तीच आहे, "माऊस उचलून ठेवला तरी बाण हलत नाही, घाबरू नये." तुम्ही हसत हसत सांगितलं होतंत, पण पोरींसमोर तुमची कानशिलं तापली असणार हे मला कळत होतं. सहा महिन्यांनी ऑफिसात साहेबांचं तातडीचं पत्र छापेना. पोरी कॉम्प्युटरलाच नावं ठेवत होत्या. तुम्ही आवक-जावकच्या टेबलावरून उठलात, प्रिंटरचं झाकण काढलंत, आत अडकलेला कागदाचा कपटा चिमटीनं ओढलात आणि परत जाऊन बसलात. दुसऱ्या दिवशी तुमचं टेबल तुम्हाला मिळालं. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात की आज जरा कालवणात तिखट घाल.

मग क्लासवाल्यांनी जुनी मशीनं काढली त्यातलं एक घरी आलं. तुमच्या भावानं टेम्पोत ते गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून आणलं. मामंजी तेव्हा होते. उभं तरुणपण मेंढरांमागं गेलेला माणूस. त्यांनी काठी टेकत त्या पेटीभोवती एक फेरा मारला आणि विचारलं, "ह्येला सांभाळायला काय काय लागतं?" आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खाली बसून त्यांना नीट सांगितलंत, की ह्याला कोरडी जागा लागते, धूळ चालत नाही, आणि शेजारी मोटर सुरू झाली की लाइट खाली-वर होते ती सोसत नाही. मामंजी म्हणाले, मग जनावरापरास बरं हाय, पावसात रानात तरी हिंडावं लागत न्हाय. त्यांचा तो प्रश्न तुम्ही पुस्तकात दुसऱ्या प्रकरणाचं नाव म्हणून घेतलात. "सांभाळायला काय काय लागतं". मला ते प्रकरण सगळ्यात आवडतं.

कोरडी जागा म्हणजे माझ्या शिलाई मशीनची जागा. स्वयंपाकघरापासून लांब, फोडणीचा धूर न येणारी, ऊन न लागणारी. अख्ख्या घरात तेवढीच एक. मी आठ दिवस धुसफुसले आणि नवव्या दिवशी मशीन पडवीत नेलं. वर तुमच्या त्या पेटीला झाकणं शिवून दिली, पडद्याला एक, खालच्या डब्याला एक, बटणांच्या पाटीला एक. उसाचं पाचट पेटवल्यावर जी काळी काजळी उडत येते ती त्या झाकणांवर बसायची, आत जायची नाही. तुम्ही पाहिलंत, हात फिरवलात आणि कामाला लागलात. पण पुढच्या रविवारी बायांना सांगत होतात की घरचं जुनं सुती लुगडं घ्या आणि असं झाकण शिवा, प्लॅस्टिकचं नको, आत घाम धरतो. माझं नाव नाही घेतलंत. मी दारामागून ऐकत होते आणि चिडले होते.

रविवारच्या बाया. डेअरीला दूध घालून झालं की सात-आठ जणी यायच्या. कुणाच्या पोरानं पुण्याहून कॉम्प्युटर आणून ठेवलेला आणि बजावलेलं, आई, हात लावू नकोस, बिघडंल. कुणाच्या मुलीला कॉलेजात विषय होता आणि आईला तिच्याशी बोलायला काही नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांना आळीपाळीनं खुर्चीत बसवलंत आणि वाटेल ती बटणं दाबायला लावलीत. बाया भीत भीत दाबत होत्या. काही झालं नाही. मग तुम्ही म्हणालात, "हात लावल्यानं बिघडत न्हाय. पान्यानं, धुळीनं आन घाईनं बिघडतं." हे तुमचं वाक्य मी गावात चार ठिकाणी लोकांच्या तोंडून ऐकलंय. परवा एका बाईनं ते आपल्या सुनेबद्दल वापरलं.

तुमची शिकवायची तऱ्हा और होती. फाइल म्हणजे काय हे सांगायला तुम्ही ट्रंक उघडून दाखवलीत. ट्रंकेत गाठोडी, गाठोड्यात लुगडी, आणि प्रत्येक गाठोड्याला नाव हवं, नाहीतर लग्नाच्या दिवशी शालू सापडत नाही. पुसलेलं काम टोपलीत जातं हे सांगताना तुम्ही उकिरडा आणलात. उकिरड्यावर चुकून गेलेली वाटी परत आणता येते, पण एकदा खत शेतात पसरलं की वाटी गेली. त्या दिवसापासून एकही बाई टोपली रिकामी करायला धजली नाही, तुम्हालाच एकेकीची रिकामी करून द्यावी लागायची. आणि सेव्ह. ते तर तुम्ही जपासारखं म्हणून घेतलंत. चार ओळी झाल्या की सेव्ह. चहाला उठायचं की सेव्ह. शेजारच्यांच्या मोटरचा आवाज आला की आधी सेव्ह. टाइपरायटरवर लिहिलं की कागदावर उमटायचं आणि राहायचं. इथं पडद्यावर दिसतंय म्हणजे राहिलं असं नाही, ही गोष्ट तुम्हाला स्वतःला कळायला महिना लागला होता, म्हणून तुम्ही ती बायांना पहिल्याच रविवारी सांगून टाकलीत.

पुस्तकाची कल्पना त्या बायांचीच. दुकानात मिळायची ती पुस्तकं इंग्रजी, विटेएवढी जाड, आणि त्यात घरच्या माणसाच्या कामाची चार पानंसुद्धा सापडायची नाहीत. माऊस अडकायला लागला तर खालची चकती फिरवून आतली गोळी काढावी, पुसावी, आतल्या चाकांवरचा कापूस नखानं खरवडावा, हे कुठं लिहिलेलं असतं? पाहुण्यांच्या फ्लॉपीतून रोग आपल्या मशीनला लागतो, तेव्हा आधी तपासून घ्यावी. फ्लॉपी चुंबकाजवळ, म्हणजे स्पीकरजवळ किंवा कपाटाच्या चुंबकाच्या दाराजवळ ठेवू नये. बंद करताना वायर ओढू नये, आधी उघडलेली कामं मिटावीत, मग मशीनला बंद व्हायला सांगावं आणि ते स्वतः "आता बटण बंद करा" म्हणेपर्यंत थांबावं. हे सगळं तुम्ही संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर थेट टाइप करायचात. कागदावर कच्चं लिहायची सवयच नव्हती तुम्हाला. टायपिस्टची बोटं ती.

इंदापूरचा दिवस आठवतो? माझ्या दादाच्या मुलीचा साखरपुडा. दादानं नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता आणि सगळ्या सोयऱ्यांना तो दाखवायचा होता. माझ्या लग्नात हाच दादा तुमच्या घराबद्दल "मेंढरांमागची माणसं" असं बोलला होता, तुमच्या कानावर जाईल असं. आणि नेमका साखरपुड्याच्या चार दिवस आधी त्याचा पडदा काळा पडला. पोरांनी बिघडवला म्हणून पोरांना मार बसला होता, पुण्याहून माणूस बोलावणार होते. तुम्ही म्हणालात, बघू का. वाकलात, मागं हात घातलात, पुढं काहीतरी चाचपलंत आणि चित्र आलं. पाहुणे बघत होते. दादानं विचारलं काय झालं होतं. तुम्ही म्हणालात, मागची वायर ढिली झाली होती, वरून दिसत नाही ते, कुणाच्याच ध्यानात आलं नसतं.

परत येताना एसटीत तुम्ही मला खरं सांगितलंत. वायर जागच्या जागी होती. पडद्याखालची उजेड कमी-जास्त करायची चकती कुणीतरी पुसता पुसता पार शेवटपर्यंत फिरवली होती. आणि त्या घरात कॉम्प्युटर पुसायचा मान दादाशिवाय कुणाला नव्हता. मी तुमच्यावर चिडले. एवढी संधी आली होती, चारचौघांत सांगायचं होतंत, माझ्या लग्नातलं फिटलं असतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "शालन, तो लाजला असता तर परत त्या मशिनीजवळ गेला नसता. पोरांनाबी जाऊ दिलं नसतं." मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. पण दादाच्या धाकट्या दोन्ही पोरी आता स्वतःच मशीन लावतात आणि दादा त्यांना विचारून घेतो. तुमच्या दहाव्याला आला तेव्हा तुमच्या फोटोपुढं बराच वेळ हात जोडून उभा होता.

आता खंडेनवमी. टाळून तरी किती टाळू.

त्याआधीच्या आठवड्यात आपल्या मशीनला रोग लागला आणि बारामतीचा माणूस येऊन सगळं पुसून गेला. तुम्ही शहाणपणानं पुस्तक आधीच दोन फ्लॉप्यांवर घेऊन ठेवलं होतंत, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. खंडेनवमीच्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेलात. घरात विळे, कोयते, नांगराचा फाळ, मोटर, तुमच्या भावाची फटफटी, सगळ्यांची पूजा मी करत आले. मग तुमच्या मशीनपुढं आले. मनात म्हटलं, वन्संनी एवढा जीव लावलाय, याची पूजा सगळ्यात चांगली झाली पाहिजे. आता वन्सं, खंडेनवमीला विळ्याच्या मुठीला कुणी कुंकू लावत नाही, पात्याला लावतात. काम जिथून होतं तिथं. कॉम्प्युटरचं पातं कुठलं? तुम्ही शंभरदा म्हणाला होतात की सगळं असतं ते ह्या चकतीत. मी डब्यातून फ्लॉपी काढली, पत्र्याची झडप सरकवली, आत ती तपकिरी चकती दिसली, तिला ओलं कुंकू लावलं. वर हळद. मग दुसरीलाही. झडप टपकन मिटली. पडद्याला झेंडूची माळ घातली, उदबत्ती ओवाळली. इतकी देखणी पूजा मी देव्हाऱ्याचीही कधी केली नव्हती.

तुम्ही पाचला आलात, माळ बघून हसलात, म्हणालात बरं केलंस. खूश होता त्या दिवशी. पुस्तक परत मशीनमध्ये घ्यायला बसलात. फ्लॉपी आत घातलीत आणि खर्र खर्र असा आवाज आला. तुम्ही ती काढलीत, झडप सरकवून आत बघितलंत. मग दुसरी डब्यातून काढून, मशीनमध्ये न घालता, तिचीही झडप सरकवलीत.

"दोन्हीला?" तुम्ही विचारलंत.

"एकीला लावायचं आन दुसरीला न्हाय, आसं कसं?" मी म्हणाले.

मला तोपर्यंत काय झालंय ते कळलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंत, अगदी हळू आवाजात, की सगळं गेलं. एक वर्षाचं काम. मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? दोन शब्द होते. पण माझी जीभ माहीत आहे ना तुम्हाला. भीती वाटली की ती आधी चावते. मी म्हणाले, "मग दोन्ही एकाच डब्यात ठिवल्या कुणी?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "व्हय, ते माझं." आणि उठून गोठ्यात गेलात. गाईंना वैरण टाकल्याचा आवाज येत राहिला. मी तिथंच उभी होते, उदबत्ती अजून जळत होती. त्या क्षणी तुमच्यामागं गोठ्यात यायला हवं होतं. नाही आले.

दसऱ्याला तुम्ही माझ्या हातात सोनं दिलंत आणि म्हणालात, "उद्यापासनं खुर्चीत तू बसायचं. मी सांगन, तू टाइप करायचं." मला वाटलं ही शिक्षा आहे. सातवी शिकलेली बाई मी, मला बटणं शोधायलाच जन्म जाईल असं म्हणाले. तुम्ही म्हणालात, मला दम लागतो हल्ली, मला बसवत नाही फार वेळ. तेव्हा ते मला निमित्त वाटलं. खरं होतं ते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मग मी घरोघर फिरले. रविवारच्या बायांनी आपापल्या वह्यांत तुमचं बोलणं उतरवून घेतलं होतं, कुणी पोरांच्या गणिताच्या वहीत मागच्या पानांवर, कुणी कॅलेंडरच्या पाठीवर. त्या सगळ्या गोळा केल्या. एकीच्या वहीत तर तुम्ही विसरलेल्या सूचनाही निघाल्या. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज दुपारी एका बोटानं, मग दोन बोटांनी, मी टाइप करत गेले. ऑफिसातून आलात की तुम्ही पलंगावर पडून ऐकायचात. "संचिका" का "फाइल" यावर आपण भांडलो, मी जिंकले, फाइल राहिली. झाकणांची कृती मी माझ्या शब्दांत घातली, तुम्ही एकही अक्षर बदललं नाहीत. एकदा लाइट गेली आणि दोन पानं गेली, मी सेव्ह केलं नव्हतं. मी कपाळावर हात मारला आणि तुम्ही पलंगावरून हसत होतात, दम लागेपर्यंत. मी पहिल्यापासून टाइप केलं. तुमच्या भावानं मला विचारलं, कंटाळा येत न्हाय का गं? मी त्यांना म्हणाले की तुम्ही आधी तुमच्या फटफटीचा प्लग साफ करा. मला मजा येत होती, वन्सं. पंचेचाळिसाव्या वर्षी मला काहीतरी नवीन येत होतं आणि ते माझ्या बोटांना समजत होतं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, पण तुम्हाला दिसत होतं.

फक्त एका गोष्टीवरून वाद मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, सणवारावर एक प्रकरण पाहिजे, कुंकवाची गोष्ट त्यात आलीच पाहिजे, आपल्याकडं घरोघर हे होणार. मी म्हणायचे घाला, पण "एका बाईने" असं घाला. तुम्ही चिडवायचात, नाव गाव सगळं घालणार, शालन, काटेवाडी. मी म्हणायचे, मग दादाच्या वेळी बरी तुमची दातखीळ बसली होती. तुम्ही नुसत्या हसायचात. माघात मी आठ दिवस माहेरी गेले. परत आले तर तुम्ही म्हणालात, "दहावं झालं. तुझं नाव हाय त्यात." मी रागानं उघडलंच नाही. म्हटलं, बघू नंतर, भांडायला दिवस पडलेत. त्यानंतर नऊ दिवसांनी सकाळी अंगणात तुम्ही खाली बसलात आणि पुन्हा उठला नाहीत.

एवढं बोलले आणि आता उघडलं मी दहावं प्रकरण. जसंच्या तसं वाचून दाखवते.

"खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा जरूर करावी. तो आपल्या घरातलं अवजार आहे. हळद-कुंकू कागदावर वाहून तो कागद टेबलावर ठेवावा. मशीनला पाणी, ओलं कुंकू, अक्षता लावू नयेत. फ्लॉपीची झडप उघडू नये. एका खंडेनवमीला प्रस्तुत लेखिकेने अजाणतेपणी दोन्ही फ्लॉप्यांना आतून कुंकू लावले आणि सगळे लेखन गमावले. त्यानंतर तिची भावजय शालन हिने गावातल्या वह्या गोळा करून हे पुस्तक पहिल्यापासून टाइप केले. ती नसती तर हे पुस्तक तुमच्या हातात आले नसते."

तीनदा वाचलं. मग पदर तोंडात धरून रडले, आणि हे बावीस दिवस मी नीट रडलेच नव्हते हे मला तेव्हा कळलं.

पंचवीस वर्षं तुम्ही लोकांची पत्रं टाइप केलीत आणि एका आकड्याची चूक तुम्हाला सहन व्हायची नाही. एवढ्या आयुष्यात एकच खोटं टाइप केलंत आणि ते माझ्यासाठी. मला किती अभिमान वाटतोय तुमचा, हे कुणाला सांगू? या घरात, या गावात, अशी बाई होती आणि ती माझी नणंद होती. पण वन्सं, हे चालणार नाही. मी दादा नाही. लाजले म्हणून मी मशीनजवळून उठायची नाही, एवढं तरी तुम्ही मला शिकवलंत.

"प्रस्तुत लेखिकेने" निवडलं आणि ते बटण दाबलं. तिथं टाइप केलं, "लेखिकेच्या भावजयीने, काटेवाडीच्या शालनने". अजाणतेपणी हा शब्द तुमचा, तो राहू दिला. पुढचं वाक्य "त्यानंतर तिनेच" असं केलं. ती नसती तर, ते पुसायला हात झाला नाही. ते खरं आहे आणि मला ते हवंय. मग दोन वाक्यं वाढवली. "वर तिने लेखिकेलाच विचारले की दोन्ही फ्लॉप्या एका डब्यात ठेवल्या कुणी. नंतर तिने लेखिकेची माफी मागितली."

आणि इथं थांबलेय. शेवटचं वाक्य अजून खरं नाही, आणि तुमच्या पुस्तकात खोटं जाता कामा नये. म्हणून सेव्हचं बटण दाबायच्या आधी सांगते. वन्सं, त्या दिवशी माझं चुकलं.